सुरतेचा ताळेबंद

१९९४ सालच्या सप्टेंबर महिन्यात मी खानदेशातील एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. आमच्या शाखेत वसुलीसाठी येणाऱ्या हुंड्यांपैकी निम्म्याहून अधिक सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांच्या असत. हुंडीसोबत बिल्टी येई. गावातला दुकानदार रक्कम भरून बिल्टी सोडवून घेई आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामातून साड्यांच्या गाठी उचलून नेई. गणेशोत्सव नुकताच संपला होता, नवरात्र तोंडावर आले होते, दिवाळीची खरेदी सुरू व्हायची होती. वर्षातील सर्वांत अधिक उलाढालीचे ते दिवस. आणि त्याच आठवड्यात आमच्या काउंटरवर बिल्ट्या पडून राहू लागल्या. कोणीही त्या सोडवेना.

सुरतेत प्लेग आला होता.

२० सप्टेंबरच्या सुमारास वेड रोड परिसरातील रुग्ण दगावू लागले आणि पुढच्या तीन-चार दिवसांत काही लाख माणसांनी ते शहर सोडले. ताप्ती मार्गाने भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांच्या टपांवरही माणसे बसलेली होती. नंदुरबार, अमळनेर, जळगाव येथील स्थानकांवर आपापल्या गावी परतणारी यंत्रमाग कामगारांची कुटुंबे उतरत होती आणि ज्यांच्या घरी ती निघाली होती ते आप्तच त्यांना दारात घ्यावे की न घ्यावे या विवंचनेत होते. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. अनेक देशांनी भारताकडे येणारी विमाने थांबवली, भारतीय मालाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. मृत्यूंचा अधिकृत आकडा पन्नासच्या आसपासच राहिला. तो आजार नेमका कोणता होता, याविषयी तज्ज्ञांत पुढेही वाद झाले. परंतु एका शहराची पत एका आठवड्यात कशी बुडते, हे आम्ही काउंटरच्या आतून पाहिले. गाठींतील साड्या त्याच होत्या, व्यापारी तेच होते, त्यांची सचोटीही तीच होती. बुडाली होती ती त्यांच्या गावाची पत.

या घटनेला आता तीन दशके उलटून गेली. तेच सुरत शहर आज देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत मोजले जाते. आपल्यापैकी अनेकांचे तेथे आप्त आहेत, व्याही आहेत, आडते आहेत. कापड, हिरे, जरी यांच्या निमित्ताने आपले तेथे सतत जाणे-येणे असते. तेथून परतलेला प्रत्येक जण रस्त्यांची, पुलांची, स्वच्छतेची स्तुती करतो आणि शेवटी म्हणतो, "आपल्याकडे हे होणे नाही." हे वाक्य मला नेहमी खटकत आले आहे. म्हणून एका जुन्या बँक अधिकाऱ्याच्या सवयीने या शहराच्या कारभाराची जमा आणि नावे अशी दोन्ही पाने आपल्यापुढे मांडावी, असे मनात आले.

रोग येण्यापूर्वीचे शहर

प्लेग सुरतेत अचानक अवतरला असे नव्हे. १९८१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती, १९९१मध्ये ती पंधरा लाखांवर पोहोचली. दहा वर्षांत शहर जवळजवळ दुप्पट झाले. कृत्रिम रेशमाचे माग आणि हिऱ्यांच्या घंट्या यांनी सौराष्ट्र, खानदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश येथील तरुणांना ओढून आणले. उद्योगाने त्यांना रोजगार दिला, पण निवाऱ्याची, पाण्याची आणि शौचकूपांची जबाबदारी कोणीच घेतली नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत वस्त्यांवर वस्त्या उभ्या राहिल्या. गटारे जुन्या शहरापुरती होती. कचऱ्याचा मोठा भाग जेथे पडे तेथेच राहत असे. त्या वर्षीच्या अतिवृष्टीने तापी आणि शहरातील खाड्या फुगल्या, सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि पाणी ओसरल्यावर मेलेली जनावरे व चिखल अनेक दिवस उचलला गेला नाही. रोगाला याहून अधिक काय हवे असते?

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे शहर गरीब नव्हते. नगरपालिका १८५२ पासूनची, महानगरपालिका १९६६ पासूनची. जकात नाक्यांवरून दररोज भरपूर पैसा येत होता. कर्मचारी होते, वाहने होती, कायदाही होता. उणीव होती ती देखरेखीची. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ठेवी पुष्कळ होत्या, परंतु कर्जखात्यांकडे कोणी फिरकत नव्हते. आणि अशी शाखा एक दिवस बुडतेच.

वीस महिन्यांत काय घडले

१९९५च्या मे महिन्यात एस. आर. राव हे सनदी अधिकारी महापालिका आयुक्त म्हणून रुजू झाले. त्यांच्या कारकिर्दीविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत, त्या बाजूला ठेवून त्यांनी केलेल्या कामाची रीत तेवढी पाहू.

पहिली गोष्ट, त्यांनी शहराचे सहा विभाग पाडले आणि प्रत्येक विभागावर एक विभागीय आयुक्त नेमला. हे अधिकारी बाहेरून आणलेले नव्हते, महापालिकेतीलच होते. आयुक्तांच्या प्रशासकीय आणि आर्थिक अधिकारांपैकी बरेचसे अधिकार त्यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यामुळे फुटलेल्या नळासाठी किंवा तुंबलेल्या गटारासाठी मुख्यालयातील फाइल चार टेबले फिरून येण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. अधिकार दिले, त्याबरोबर जबाबदारीही दिली. आपल्या विभागातील कचरा, पाणी, अतिक्रमण, करवसुली या सर्वांचा जाब एकाच माणसाला द्यावा लागू लागला. "ते माझ्या खात्याकडे येत नाही" हे सरकारी कचेरीतील सर्वांत लाडके वाक्य तेथे निरुपयोगी झाले.

दुसरी गोष्ट, आयुक्तांपासून सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळी काही तास प्रत्यक्ष रस्त्यावर असावे, असा दंडक घातला गेला. दुपारी सर्वांनी एकत्र बसायचे, सकाळी काय पाहिले ते सांगायचे आणि आदल्या दिवशी सांगितलेल्या कामाचे काय झाले याचा हिशेब द्यायचा. वातानुकूलित खोलीतून दैनंदिन कामाकडे, या अर्थाने या पद्धतीला 'एसी ते डीसी' असे गमतीचे नाव पडले. शाखा व्यवस्थापकाने सकाळी काउंटरवर फेरी मारावी, कर्जदाराच्या गोदामात स्वतः जाऊन माल मोजावा, असे आम्हालाही शिकवले जात असे. जो हे करी त्याच्या शाखेत थकबाकी कमी असे. यात नवीन शोध काहीच नाही. नवीन होते ते रोज करणे.

तिसरी गोष्ट आरोग्याची. शहरातील रुग्णालये आणि दवाखाने यांच्याकडून तापाच्या, जुलाबाच्या, काविळीच्या रुग्णांची माहिती दररोज गोळा केली जाऊ लागली. एखाद्या वस्तीत रुग्ण वाढले की तेथील पाण्याचे नमुने आणि गटारे तपासायची. प्लेगपूर्वी साथ आल्यावर धावाधाव होई. आता साथीची चाहूल वहीत आधी दिसू लागली. झोपडपट्ट्यांतील गल्ल्यांना फरशी, नळ, दिवे आणि पैसे देऊन वापरायची शौचालये आली. मुख्य रस्त्यांची झाडलोट रात्री सुरू झाली. बाजारपेठेचा झाडू रात्री फिरावा, म्हणजे सकाळी दुकान उघडताना धूळ अंगावर येत नाही, ही साधी गोष्ट. पण ती कोणीतरी ठरवावी लागते.

चौथी गोष्ट आपल्या वाचकांना जवळची आणि काहीशी कडू आहे. अतिक्रमणे पाडण्यास सुरुवात झाली ती धनिकांच्या आणि वजनदार लोकांच्या बांधकामांपासून. रस्त्यावर आलेले ओटे, वाढवलेले सज्जे, पार्किंगच्या जागेतील गाळे काढले गेले. अस्वच्छ आढळलेली उपाहारगृहे आणि मिठाईची दुकाने बंद करण्यात आली. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यास जागच्या जागी दंड सुरू झाला. व्यापाऱ्यांनी आधी विरोध केला, हे स्वाभाविक होते. पुढे मात्र त्यांच्यापैकीच अनेकांनी रस्तारुंदीसाठी आपल्या इमारतींचे पुढचे भाग स्वतःहून मागे घेतले. याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे एवढेच की, शेजाऱ्याचा ओटा राहतो आणि माझाच जातो, अशी स्थिती तेथे उरली नव्हती. व्यापारी तोट्याला फारसा भीत नाही. तो भितो पक्षपाताला.

१९९६मध्ये 'इंटॅक' या संस्थेने केलेल्या पाहणीत चंदीगडखालोखाल सुरत हे देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरले. प्लेगला तेव्हा दोन वर्षेही धड झाली नव्हती. झाडू मारणारे हात तेच होते, अभियंते तेच होते, नागरिकही तेच होते.

कायदा एकच

"आपल्याकडे हे होणे नाही" असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती मुद्दाम देतो. सुरतेच्या आयुक्तांनी ज्या कायद्याच्या आधारे हे सर्व केले तो १९४९चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होय. तेव्हा गुजरात आणि महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते. राज्ये वेगळी झाली, तरी तोच कायदा दोन्हीकडे चालत राहिला. आज गुजरातेत तो गुजरातच्या नावाने आणि महाराष्ट्रात 'महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम' या नावाने ओळखला जातो. बृहन्मुंबईचा कायदा निराळा आहे, पण नाशिक, सोलापूर, जळगाव, इचलकरंजी येथील आयुक्तांच्या टेबलावर असलेले पुस्तक मुळात तेच आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तातडीच्या प्रसंगी आयुक्ताने तत्काळ कार्यवाही करण्याची तरतूद त्यात आहे आणि आपले अधिकार हाताखालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवण्याचीही आहे. सुरतेला कोणतीही खास सवलत मिळालेली नव्हती. दोन भावांना वडिलांकडून सारखीच पेढी मिळावी आणि एकाची भरभराटीस यावी, दुसऱ्याची जेमतेम चालावी, तेव्हा वारशाला दोष देता येत नाही.

माणूस गेल्यावर

अशा कथांचा खरा कस माणूस बदलल्यावर लागतो. कर्तबगार व्यवस्थापकाची बदली झाली की शाखा पुन्हा मूळपदावर येते, हे मी नोकरीत कित्येकदा पाहिले आहे. राव अडीच-तीन वर्षांत गेले. परंतु विभागांची रचना राहिली. रोजची आरोग्यनोंद राहिली. एस. जगदीशन आदी पुढील आयुक्तांनी ती घडी मोडली नाही, उलट हिशेब आणि सेवा यांत भर घातली. २००४च्या सुमारास घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची पद्धत सुरू झाली. एका अधिकाऱ्याची धडाडी नियमाच्या पुस्तकात उतरली, म्हणूनच ती टिकली. यात सुरतेच्या नागरिकांचाही वाटा आहे. ज्याने एकदा स्वच्छ रस्ता पाहिला, तो घाण रस्त्याबद्दल तक्रार करू लागतो.

२००६च्या ऑगस्टमध्ये या घडीची परीक्षा झाली. तापीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे मध्य प्रदेशात आणि आपल्या खानदेशात, मुसळधार पाऊस झाला. सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील उकाई धरण आधीच बरेच भरलेले होते. तेथून सोडलेला विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला आणि शहराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली बुडाला. दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. कापड बाजाराच्या तळमजल्यांतील माल चिखलात गेला. धरणातून पाणी आधीपासून थोडे थोडे का सोडले नाही, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता. परंतु १९९४ साली ज्या शहरात मेलेली जनावरे अनेक दिवस पडून राहिली, तेथे या वेळी इतर शहरांच्या पथकांचे साहाय्य घेऊन चिखल आणि कचरा झपाट्याने हलवण्यात आला, घरोघरी औषधे पोहोचवण्यात आली आणि मोठी साथ आली नाही. पुढे धरण, हवामान खाते, महापालिका आणि उद्योजकांची मंडळी यांनी मिळून पुराचा पूर्वइशारा देणारी यंत्रणा उभी केली. त्यासाठी स्थापन झालेल्या न्यासात महापालिकेच्या बरोबरीने सुरतेचे व्यापारी-उद्योजकही बसले.

पैशाचे पान

आता माझ्या आवडीच्या पानाकडे येतो. सुरत महापालिकेच्या उत्पन्नात जकातीचा वाटा फार मोठा होता. गुजरात सरकारने २००७च्या नोव्हेंबरात महापालिका क्षेत्रातील जकात बंद केली. आपल्यापैकी जुन्या मंडळींना जकात नाक्यावरील रांगा, पावत्या आणि चिरीमिरी आठवत असेलच. महाराष्ट्रातही जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१३मध्ये त्याविरुद्ध आपण दुकाने बंद ठेवली, २०१५मध्ये तोही बहुतेकांपुरता उठला आणि २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने नाका गेला हे उत्तमच झाले. पण त्याची दुसरी बाजू अशी की, शहराच्या हातातील सर्वांत मोठे उत्पन्न गेले आणि त्याऐवजी सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे आले. मुलाचे दुकान बंद करून त्याला दरमहा खर्चाला पैसे द्यावेत, तशी ही अवस्था आहे.

अशा स्थितीत महापालिकेपाशी स्वतःचे असे दोनच मार्ग उरतात. एक मालमत्ता कर नीट बसवून नीट वसूल करणे आणि दुसरा सेवा देऊन त्यांचे मोल घेणे. सुरतेने दुसऱ्या मार्गावर एक मोलाचे पाऊल टाकले. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापडाची रंगाई आणि छपाई करणारे कारखाने आहेत, त्यांना पाणी अफाट लागते. तापीचे गोड पाणी पिण्यासाठी राखावे आणि कारखान्यांना शुद्ध केलेले सांडपाणी विकावे, असे ठरले. २०१४मध्ये बमरोली येथे दररोज चार कोटी लिटर सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करणारे केंद्र सुरू झाले. सूक्ष्म गाळणी आणि उलट परासरण या पद्धतींनी शुद्ध केलेले पाणी नळाने कारखान्यांना मिळू लागले. पुढे क्षमता वाढत गेली आणि आज या विक्रीतून महापालिकेस वर्षाकाठी शंभर कोटी रुपयांहून अधिक मिळतात. त्याआधीच, २००३मध्ये, अंजना येथील सांडपाणी केंद्रातून निघणाऱ्या वायूवर वीज निर्माण करण्यास प्रारंभ झाला होता.

या व्यवहारात सर्वांचाच लाभ आहे. कारखान्याला बारमाही पाणी, शहराला उत्पन्न, नदीला काहीसा दिलासा. मात्र तो शक्य झाला याचे कारण सांडपाणी आधी गटारांतून एकत्र केले जात होते. ज्या शहराचे सांडपाणी ओढ्यानाल्यांतून थेट नदीत जाते, त्याच्यापाशी विकायला काहीच नसते. इचलकरंजी किंवा सोलापूर येथील आपल्या प्रक्रिया उद्योजकांनी पंचगंगेच्या प्रदूषणाविषयी अथवा पाणीटंचाईविषयी बोलताना बमरोलीची एक फेरी अवश्य करावी.

या सर्वाचे फळ शहराला मिळाले. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी सुरत इंदूरखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आले आणि २०२३च्या सर्वेक्षणात इंदूरसह पहिल्या क्रमांकावर.

नावे बाजू

केवळ जमा बाजू दाखवणारा ताळेबंद खोटा असतो. सुरतेच्या नावे बाजूसही ठळक नोंदी आहेत.

लिंबायत, पर्वत पाटिया या भागांत खाड्यांचे पाणी पावसाळ्यात आजही घरांत शिरते. या वस्त्यांत आपले खानदेशी बांधव मोठ्या संख्येने राहतात. महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, ही कौतुकाची गोष्ट. पण त्या शाळांत जाणाऱ्या मुलांच्या घरातील चुली २०२४ आणि २०२५च्या पावसातही विझल्या. १९९५ साली १११ चौरस किलोमीटर असलेले शहर २००६मध्ये ३२६ चौरस किलोमीटरवर गेले आणि पुढे आणखी वाढले. मध्यवस्तीत चोख असलेली व्यवस्था कडेला पोहोचता पोहोचता विरळ होते.

आणि एक नोंद अशी आहे की ती वाचताना हात थांबतो. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला या व्यापारी संकुलाला आग लागली. वरच्या मजल्यावर नियमबाह्य वाढवलेल्या जागेत शिकवणीचे वर्ग चालत होते. खाली उतरण्याचा मार्ग ज्वाळांनी अडवला. अग्निशमन दलाच्या शिड्या वेळेवर वरपर्यंत पोहोचल्या नाहीत. जीव वाचवण्यासाठी मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. बावीस विद्यार्थी गेले. रस्ते चकचकीत असलेल्या शहरात, जेथे एकेकाळी वजनदारांची अतिक्रमणे आधी पाडली गेली, तेथेच हे घडले. झाडलोट दिसते, म्हणून ती होते. मंजूर नकाशा कपाटात असतो, तो कोणी उघडून पाहत नाही.

या बातमीने मला कित्येक रात्री झोप आली नाही, कारण मला माझीच एक जुनी फाइल आठवली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस एका कापड दुकानदाराच्या कॅश क्रेडिटचा प्रस्ताव माझ्याकडे आला होता. तारण म्हणून त्याचे बाजारपेठेतील दुकान होते. मूल्यांकनकाराने आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले होते की, आतील पोटमाळा मंजूर नकाशात नाही. ग्राहक चोख होता, खाते उत्तम होते, दिवाळी जवळ होती. मी 'नियमितीकरणाची पूर्तता करून घ्यावी' असा शेरा लिहून मर्यादा मंजूर केली. ती पूर्तता मी पुन्हा कधी विचारली नाही. माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्यानेही बहुधा तोच शेरा पुढे चालवला असेल.

२०१९च्या त्या घटनेनंतर काही कामासाठी त्या गावी गेलो असता मुद्दाम त्या दुकानात गेलो. आता मुलगा गादीवर बसतो. पोटमाळ्यावर पाच-सहा मुली साड्यांना फॉल-पिको करत होत्या. वर जायला एकच अरुंद लोखंडी जिना, त्याच्या तळाशी कापडाचे गठ्ठे आणि विजेचे मीटर. मी त्याला जपून सांगितले, दुसरा जिना काढ, गठ्ठे तरी तेथून हलव. त्याने आदराने ऐकून घेतले, चहा मागवला आणि म्हणाला, "काका, बँकेनेच तर याच्यावर कर्ज दिले होते." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

महापालिकेच्या कारभाराविषयी आपण बोलतो तेव्हा आपल्या मनात नेहमी पलीकडच्या टेबलावरचा माणूस असतो. नकाशा मंजूर करणारा, पावती फाडणारा, कानाडोळा करणारा. त्या कानाडोळ्याच्या अलीकडे कोण असतो, हे आपण सोयीने विसरतो. मी अलीकडे होतो. त्या दुकानाचे मालकही होते. आम्ही दोघेही सज्जन म्हणून ओळखले जात होतो.

आपल्या हातचे

सुरतेचे उदाहरण वाचून आयुक्ताची वाट पाहत बसावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. चांगला आयुक्त येणे न येणे आपल्या हाती नसते. काही गोष्टी मात्र असतात.

आपल्या दुकानाचा आणि गोदामाचा मंजूर नकाशा कपाटातून काढून एकदा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावा. महाराष्ट्रात २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार व्यापारी इमारतींतील आगीची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावे लागते. आपल्या संकुलाचे ते कोणी दिले आहे काय, हे सोसायटीच्या पुढील सभेत विचारावे. बहुतेक ठिकाणी या प्रश्नानंतर शांतता पसरेल, आणि कामाला तेथूनच सुरुवात होईल. मालमत्ता कर मुदतीत भरावा आणि अर्थसंकल्पाचे पुस्तक महापालिकेकडून मागून घ्यावे. आपण पेढीचा ताळेबंद रात्र रात्र बसून पाहतो. ज्या गावात ती पेढी आहे त्या गावाचा ताळेबंद आपल्यापैकी किती जणांनी उघडला आहे? सनदी लेखापाल झालेली आपली तरुण मुले-मुली घरोघरी आहेत. त्यांनी आपल्या प्रभागापुरता जमा-खर्च सोप्या मराठीत मांडला तरी व्यापारी संघाच्या निवेदनास वजन येईल. आणि दुकान बंद करताना खोकी, पॉलिथिन, बारदान रस्त्यावर लोटण्याऐवजी गाडी येईपर्यंत आत ठेवावे. हे शेवटचे काम सर्वांत क्षुल्लक वाटते, पण दररोज करावे लागत असल्यामुळे तेच सर्वांत अवघड आहे.

१९९४च्या दिवाळीनंतर आमच्या शाखेत पडून राहिलेल्या बिल्ट्या हळूहळू सुटल्या. काही हुंड्या परत गेल्या, काहींत सूट द्यावी लागली. त्या वर्षीची दिवाळी खानदेशातील कित्येक कापड दुकानांना तोट्याची गेली, आणि तो तोटा ज्यांनी सोसला त्यांनी सुरतेच्या गटारांविषयी त्यापूर्वी कधी विचारही केलेला नव्हता. शहराचा कारभार बिघडला की त्याचे देणे कोठे आणि कोणाच्या खात्यावर पडेल, हे सांगता येत नाही. त्या पोटमाळ्याची चौकशी करण्यासाठी येत्या महिन्यात मी पुन्हा त्या गावी जाणार आहे. या वेळी चहा घेण्यापूर्वी जिन्याखालचे गठ्ठे हलवले आहेत का, ते पाहीन.